सुटलेला मणी पुन्हा धरू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली, करून बाहेर येतेस न येतेस तोच ‘ते नीट सांगितलं का?’ ही शंका डोकं वर काढते. जपमाळ म्हणताना लक्ष जरा भरकटलं की तोच मणी पुन्हा, मग दहा मण्यांचं अख्खं दशक पुन्हा. वर कुणीतरी सांगितलं, ‘विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव.’ हेतू चांगला असेल, पण तुझ्या बाबतीत हा सल्ला म्हणजे आगीत तेल.

या त्रासातून येशूसंघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियसही गेले. 1522 साली स्पेनमधल्या मान्रेसा गावात असताना जुन्या पापांची त्यांची कबुली काही केल्या संपेना. धर्मगुरूंनी सांगितलं, ‘जुन्यातलं अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग.’ पंचाईत अशी, की त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! जीव देण्याचे विचारसुद्धा छळायचे, आणि आत्मकथनात त्यांनी ते लपवलेलं नाही. शेवटी जुनं उकरून काढणं त्यांनी ठरवून बंद केलं.

ख्रिस्तसभेला, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चला, हा आजार नवा नाही. तिचा जुना सल्ला असा: पापनिवेदनासाठी एकच धर्मगुरू धर, आणि त्यांनी ‘झालं, हे पुन्हा सांगू नकोस’ म्हटलं की तिथेच थांब. मानसोपचारतज्ज्ञांच्या मते हा ओसीडीचा, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा, प्रकार असू शकतो. त्यांच्याकडची उपचारपद्धतही काहीशी तशीच: शंका आली तरी ती कृती पुन्हा करायची नाही, जिवाची घालमेल आपोआप ओसरू द्यायची. म्हणजे मणी लक्ष न देता सुटला तर सुटू दे, पुढचा धर. पहिले काही दिवस हे फार जड जाईल. पण तुला ओसीडी आहे की आणखी काही, हे मी नाही, डॉक्टरांनी ठरवायचं.

डॉक्टरांकडे जाणं म्हणजे देवावर अविश्वास, असं तुला वाटतं. बायबलातल्या बेन सिराच्या ग्रंथाचा 38वा अध्याय उघड. वैद्याचा मान राख, त्यालाही प्रभूनेच निर्माण केलंय, असं तिथे लिहिलंय. बाळ येशूच्या संत तेरेजाचे वडील लुई मार्टिन 1889 पासून तीन वर्षं फ्रान्समधल्या कां (Caen) शहरातल्या मनोरुग्णालयात होते. 2015 मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केलं. पोप फ्रान्सिस यांनीही वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी आपण एका मनोविश्लेषक बाईंकडे जात होतो, हे मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं होतं.

धर्मगुरूंकडून निदानाची अपेक्षा ठेवू नकोस, आणि समुपदेशकाकडून पापक्षमेची. समुपदेशक तुझ्या श्रद्धेलाच आजार समजू लागला तर त्याला तसं स्पष्ट सांग; तरी ऐकलं नाही तर दुसरा शोध. धर्मगुरूंशी सविस्तर बोलायचं असेल तर पापनिवेदनाच्या रांगेत नको, वेगळी वेळ मागून घे.

प्रार्थनेत उसनं हसू आणू नकोस. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी बायबलात त्याला जागा आहे. जमेल तेवढं म्हण. काहीच जमलं नाही तर नुसती बस.

जगणंच नको असं वाटलं तर मात्र पापनिवेदनाच्या दिवसाची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठव, दवाखाना गाठ. असा विचार आला म्हणून तू देवापासून तुटलीस असं होत नाही. आत्महत्येबद्दल लिहितानाही गंभीर मानसिक आजारात माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने मान्य केलंय.

गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटू लागलं की ‘प्रार्थना फळली’ म्हणून त्या परस्पर बंद करशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आधी डॉक्टरांना विचार. भेटीची वेळ ठरली की कळव. सोबत हवी असेल तर मी येते.

तुझी,
मावशी