टक् आवाज आला त्या रात्रीपासून

"ऑपरेशन होऊन साडेतीन आठवडे झाले तरी दुखतंय. व्यायाम केला की जास्तच दुखतं. आत काही बिघडलं तर नसेल ना?" गुडघा बदललेली माणसं आणि त्यांच्या घरचे हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सारखे येतात. त्यातल्याच एका काकूंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू 66 वर्षांच्या. मुलाबरोबर वॉकर धरून आल्या. त्या बसताच मुलानं दुसरी खुर्ची ओढली, आईचा पाय उचलून तिच्यावर ठेवला आणि बरोबर आणलेली मऊ उशी गुडघ्याखाली अलगद सरकवली. काकूंचा एक हात सारखा मांडीवर होता, जणू गुडघ्याला कुणी धक्का लावेल.

मुलगाच बोलत होता. सर्जननी तपासलं, एक्स-रे चांगला आहे, जखम सुकली, टाकेही निघाले. पण गुडघा 70 अंशांपुढे वाकत नाही आणि पूर्ण सरळही होत नाही. असंच राहिलं तर भूल देऊन वाकवावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फिजिओथेरपिस्ट आल्या की आई रडायला लागते. "आता रागवायचं का तिला?" त्यानं विचारलं. बिचारा मेटाकुटीला आला होता.

मी त्याला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. काकूंना एवढंच विचारलं, "पहिल्या दिवसापासूनच वाकवायची भीती वाटत होती का?"

नव्हती. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्या वॉकर घेऊन चालल्या होत्या. पहिला आठवडा व्यायामही नेमानं केला. मग एका रात्री बाथरूमला जाताना आतून टक् असा आवाज आला. "मला वाटलं, बसवलेलं निसटलं. आता वाकवलं तर पार सुटून येईल." हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलानं रजा काढलेली, एवढा खर्च केलेला. त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

सोळा-सतरा दिवस ही बाई ते एकटीच मनात धरून बसली होती, आणि घरात सगळे तिला आळशी समजत होते.

आपण सर्रास 'वाटी बदलली' म्हणतो. त्यामुळे आत एक सुटी वाटी ठेवलीय आणि ती कधीही घसरेल, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचे भाग पक्के बसवतात आणि मध्ये कणखर प्लास्टिकची गादी असते. धातू आणि प्लास्टिक एकमेकांना टेकले की टक् होतं. बऱ्याच जणांना तो आवाज येतो, आणि त्याबरोबर कळ येत नसेल, गुडघा अडकत किंवा लटपटत नसेल, तर त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण हे माझ्या तोंडून ऐकून काकूंना पटणार नव्हतं आणि ठरवायचा अधिकारही माझा नाही. म्हणून तिथूनच त्यांच्या फिजिओथेरपिस्टना फोन लावून दिला. काकूंनी स्वतः विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "अहो काकू, एक्स-रेत सगळं जागच्या जागी आहे. हे मला आधी का नाही सांगितलंत?" मांडीवरचा हात तेव्हा पहिल्यांदा सुटला.

पुढच्या वेळी मी व्यायामाला शेजारी बसले. टाच मागे सरकवायच्या आधीच काकू श्वास रोखत आणि दात आवळत. दुखायच्या आधीच सगळे स्नायू आवळलेले. अशा पायाला वाकवणं म्हणजे दोन्हीकडून ओढलेला दोर वाकवणं. त्यात सूज असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू एरवीही नीट दाद देत नाही. मग ठरलं, की टाच सरकवताना काकूंनी मोठ्यानं बोलायचं. बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी, आणि नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं.

मुलाला मात्र एकच गोष्ट सांगितली, आणि ती त्याला जड गेली. गुडघ्याखालची उशी काढायची. ती ठेवली की बरं वाटतं, पण गुडघा अर्धवट वाकलेलाच आखडतो आणि पुढे चाल लंगडी होते. आधार द्यायचाच तर टाचेखाली. पाणी, चष्मा, फोन सगळं हातात आणून देणंही कमी करायचं. इतकं प्रेमानं केलेलं चुकीचं म्हणून सांगताना मलाही वाईट वाटलं.

कुठलं दुखणं सोसायचं? व्यायामात ओढ लागते, दुखतं. ते तासाभरात आधीच्या पातळीवर आलं आणि दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली नसली, तर ठीक. सूज आणि कोमटपणा काही महिने राहतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणाही जाणवतो. पण पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, पायावर अचानक भार घेता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तडक इस्पितळ गाठायचं.

काकूंचा गुडघा सहाव्या आठवड्यात 95 अंशांवर आला, नवव्यात 110 वर. भूल द्यावी लागली नाही. मधे एक आठवडा काहीच पुढे सरकलं नाही, तेव्हा त्या पुन्हा रडल्या. पण या वेळी मुलाला जवळ बसवून, कारण सांगून.

शेवटच्या भेटीला त्या काठी घेऊन आल्या, काठी दुसऱ्या बाजूच्या हातात, जशी हवी तशी. खुर्चीत बसल्या आणि दोन्ही टाचा मागे ओढून घेतल्या. रात्री अजून दोनदा जाग येते, म्हणाल्या. उठताना गुडघ्यात टक् झालं, मलाही ऐकू आलं. त्या बोलत होत्या, बोलतच राहिल्या.