गाडीचा भाव नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

भोसरीत फॅब्रिकेशनचं युनिट चालवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय 41. 2021 मध्ये त्यांनी पोर्शे 911 घेतली, ऑन-रोड दोन कोटी वीस लाखांना. आता ती ऑनलाइन विकायची आहे आणि जास्तीत जास्त भाव कसा मिळेल, एवढंच त्यांनी विचारलंय. दहा महिन्यांपूर्वी एका डीलरने 1 कोटी 55 लाख सांगितले होते. त्यांना 1 कोटी 75 लाख हवे होते, म्हणून ते थांबले. आज सगळ्यात चांगली बोली 1 कोटी 42 लाखांची आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्यात. गाडीसाठी एक कोटी साठ लाखांचं कर्ज कोथरूडच्या फ्लॅटवर काढलंय आणि तो फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे. शिवाय गाडीचे पैसे येणारच आहेत म्हणून बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या सांगण्यावरून त्यांनी वर्षाला 20 लाख हप्त्याची 'गॅरंटीड' पॉलिसी घेतली. पहिला हप्ता ओव्हरड्राफ्टमधून भरला. पॉलिसीचे कागद मागच्या आठवड्यात हातात पडले.

तुम्ही विचारलं गाडीचं, पण मी पॉलिसीपासून सुरुवात करतो, कारण तिथे दिवस मोजके आहेत. आयुर्विमा पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मधल्या दिवसांचा जोखीम हप्ता कापून बाकी रक्कम परत मिळते. विमा कंपनीला आजच ईमेल करा आणि लेखी पोच घ्या. रिलेशनशिप मॅनेजरला फोन करू नका. तो भेटायला येईल, वरिष्ठांना घेऊन येईल, 'महिनाभर थांबा सर' म्हणेल, आणि तुमचा महिना त्यातच जाईल.

ही पॉलिसी का नको, ते आकड्यांत पाहा. पाच वर्षं वीस-वीस लाख, म्हणजे एक कोटी भरायचे आणि बाराव्या वर्षाअखेर 1 कोटी 71 लाख घ्यायचे. कागदावर 71 टक्के दिसतात, पण वर्षाचा परतावा निघतो साडेपाच टक्के. 'टॅक्स-फ्री' असंही तुम्हाला सांगितलंय. ते चूक आहे. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या पारंपरिक (म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेल्या) पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता पाच लाखांच्या वर गेला, की मुदतीअखेरच्या रकमेतला नफा करपात्र होतो. तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहात. 71 लाखांवर 21 लाख कर गेला की उरतात दीड कोटी, आणि परतावा जेमतेम चार टक्के. तुमच्या ओव्हरड्राफ्टचा दर साडेबारा आहे, घरावरच्या कर्जाचा साडेदहा. डोक्यावर एवढं कर्ज असलेल्या माणसाला हे विकणाऱ्याने तुमचा ताळेबंद पाहिला नाही, किंवा पाहून विकलं. दोन्हींपैकी काहीही असलं तरी मला त्याचा संताप येतो.

आता घराकडे येतो. पंधरा वर्षांचं कर्ज, महिन्याचा हप्ता 1 लाख 77 हजार. साडेचार वर्षांत तुम्ही साधारण साडेपंचाण्णव लाख भरले. त्यातले सत्तर लाख व्याजात गेले आणि मुद्दल फक्त पंचवीस लाखांनी कमी झालं. आजही 1 कोटी 35 लाख बाकी आहेत. हप्ते असेच चालू ठेवले तर अजून सव्वादोन कोटी भराल. गाडी रस्त्यावर उतरल्या दिवसापासून तिची किंमत घटत असते, आणि तिच्यासाठी तुम्ही पंधरा वर्षांचं कर्ज काढलंत, तेही वडिलांच्या घरावर. युनिटला दोन वाईट वर्षं आली आणि हप्ते थकले, तर बँक थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या 2002 च्या सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा मागू शकते. 74 वर्षांच्या माणसाने मुलावरच्या विश्वासाने सही केलीय. पत्रात तुम्ही याबद्दल एका ओळीपलीकडे काही लिहिलेलं नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटते.

थांबून काय मिळालं तेही मोजा. दहा महिन्यांत भाव तेरा लाखांनी उतरला, कर्जाचं व्याज सुमारे बारा लाख गेलं, विमा आणि सर्व्हिसिंग पाच लाख. एकूण तीस लाख. वाट पाहिली ती वीस लाख जास्त मिळावेत म्हणून.

आणि भाव परत वर जाईल अशी आशा धरू नका. 2024 मध्ये 911 ची सुधारित आवृत्ती आली. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून पन्नास टक्क्यांच्या आसपास असलेला कर सरळ 40 टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव त्याच्या मागे उतरतोच. तुमची गाडी वर्षाला पंधरा-सोळा लाखांनी उतरतेय आणि कर्जाचं मुद्दल वर्षाला सातेक लाखांनी. आज गाडी विकून घर मोकळं होऊ शकतं. वर्षभराने होणार नाही.

आजही हिशेब जेमतेमच जमतो, कारण एक खर्च तुम्ही धरलेला नाही. गाडी फर्मच्या पुस्तकात आहे, घसारा घेतलाय आणि फर्म जीएसटीत नोंदलेली आहे. अशा वेळी विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेलं पुस्तकी मूल्य यांच्या फरकावर 18 टक्के जीएसटी लागतो. पंधरा टक्क्यांनी चार वर्षं घसारा धरला तर पुस्तकी मूल्य 1 कोटी 15 लाखांच्या आसपास येतं, म्हणजे फरक 27 लाखांचा आणि कर चार-पाच लाख. सौदा ठरवण्याआधी सीएंकडून नेमका आकडा घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. 1 कोटी 75 लाखांची जाहिरात काढून टाका. दहा महिने एकाच भावाने पडून असलेली गाडी खरेदीदार ओळखतात आणि ते बोलीच खाली सुरू करतात. नवे फोटो काढून 1 कोटी 49 लाखांची नवी जाहिरात द्या. त्यात अधिकृत सर्व्हिस सेंटरची सगळी बिलं, दोन्ही चाव्या, टायरांचं वय, विम्याचे क्लेम आणि कुठलं पॅनेल पुन्हा रंगवलंय ते स्वतःहून लिहा. या किमतीचा गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजणारं मीटर घेऊन येतो. लपवलेलं सापडलं की पाच लाख तिथेच कापतो. महाराष्ट्रातला खरेदीदार आधी शोधा. परराज्यातल्याला आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र) घेऊन तिथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि ती रक्कम तो तुमच्या भावातूनच वजा करतो. सोबत दोन-तीन प्रीमियम डीलरांकडून लेखी बोली घ्या. 'पार्क अँड सेल'ला, म्हणजे डीलरकडे ठेवून कमिशनवर विकायला, द्यायची असेल तर कमिशन आणि मुदत कागदावर हवी. पंचेचाळीस दिवसांत जी बोली सगळ्यात वर असेल, तिला द्या, मग ती 1 कोटी 40 का असेना.

टेस्ट ड्राइव्हला शेजारच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा. पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगणाऱ्याशी पुढे बोलू नका. पैसे घ्यायला काहीही स्कॅन करावं लागत नाही. आरटीजीएस तुमच्या खात्यात दिसल्याशिवाय चावी देऊ नका, आणि मालकी बदलाचे फॉर्म 29 व 30 स्वतः भरून त्याची पावती ठेवा. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी डीलरला दिली तरी आरसीवर नाव बदलेपर्यंत परिवहन पोर्टलवर तपासत राहा. नाव तुमचं असताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय.

पैसे आले की त्याच आठवड्यात कर्ज फेडा. मुदतपूर्व फेडीवर शुल्क आहे का, ते मंजुरीपत्रात बघा. व्यवसायासाठी व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर बँकांनी असं शुल्क घेऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना आहे. तुमचं जुनं आहे. दोन टक्के लागले तर पावणेतीन लाख होतील, थोडे खिशातून घालावे लागले तरी घाला. व्याजाचे दोन-अडीच महिनेच आहेत ते.

मग मोकळा झालेला 1 लाख 77 हजारांचा हप्ता आधी ओव्हरड्राफ्टकडे वळवा. तुमच्याकडे साधा टर्म विमा नाही, तो दोन कोटींचा घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत बँकेने घराचे मूळ कागद परत करायचे असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. नो-ड्यूज पत्र घ्या आणि सेरसायमधली (गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) गहाणाची नोंद उतरल्याची प्रत मागून घ्या. ही नोंद उतरवायची राहून गेली तर पुढच्या व्यवहारात वडिलांनाच हेलपाटे पडतील.