नावं-नंबर द्या, टक्केवारी घ्या: विम्यातलं हे ‘रेफरल’चं काम घ्यावं का?

पालकांचं पत्र, थोडक्यात: मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विमा विकणाऱ्या एका फर्मने तिला ‘रेफरल पार्टनर’ म्हणून विचारलंय. ओळखीच्यांची नावं आणि नंबर द्यायचे. पॉलिसी निघाली की हप्त्याच्या काही टक्के रक्कम तिच्या खात्यात. परीक्षा नाही, परवाना नाही. हे काम घ्यावं का? आणि विम्यात तिला पुढे करिअर आहे का?

नमस्कार,

आज समोर आहे त्या स्वरूपात हे काम तिने घेऊ नये. विमा कायदा, 1938 च्या कलम 40 प्रमाणे विम्याचं काम मिळवून दिल्याबद्दलचा मोबदला, मग तो कमिशन म्हणून असो वा दुसऱ्या कुठल्या नावाने, फक्त विमा एजंटला किंवा नोंदणीकृत मध्यस्थालाच देता येतो. त्यामुळे ‘रेफरल फी’ म्हणा, ‘मार्केटिंग’ म्हणा, पॉलिसी निघाल्यावर हप्त्याच्या टक्केवारीत मिळणारे पैसे म्हणजे कमिशनच. 2010 मध्ये विम्याच्या सरकारी नियामकाने, म्हणजे आजच्या आयआरडीएआयने, ग्राहकांची माहिती पुरवण्याबद्दल नियम केले, तेव्हाही ती मुभा मंजुरी घेतलेल्या कंपन्यांना होती, एकेकट्या व्यक्तीला नव्हती.

‘सगळेच घेतात’ असं फर्म सांगेल. त्यावर विसंबू नका. पूर्वी प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवर कमिशनची कमाल मर्यादा ठरलेली असायची. ती चुकवण्यासाठी जादा पैसे मार्केटिंगच्या बिलांतून दिल्याच्या संशयावरून जीएसटीच्या गुप्तचर विभागाने विमा कंपन्यांची चौकशी केली. एप्रिल 2023 पासून आयआरडीएआयने ही प्रकारवार मर्यादा काढली. आता कमिशनचं धोरण कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, पण कमिशन धरून एकूण व्यवस्थापन खर्चाला मर्यादा आहे: सर्वसाधारण विमा कंपनीला एकूण हप्ता-उत्पन्नाच्या 30 टक्के, फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपनीला 35 टक्के. म्हणजे कमिशन उघडपणे द्यायला आता पुरेशी जागा आहे. तरीही कोणी ते आडवाटेने देत असेल, तर मला ते खटकतं.

तिचं नुकसान प्रत्यक्षात कुठे होतं, तेही पाहा. ग्राहक ओळखीचा, म्हणून तो गाडीच्या विम्याचा हप्ता तिच्याच यूपीआयवर पाठवतो. ती दोन दिवसांनी पुढे पाठवते. कलम 64व्हीबीप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. मधल्या दोन दिवसांत गाडीला अपघात झाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो आणि ग्राहकाच्या घरचे लोक तिच्याकडेच बोट दाखवतील. दुसरी नेहमीची गोष्ट: ग्राहक म्हणतो, “तुझ्या कमिशनमधलं थोडं सोड.” हप्त्यात अशी सूट देणं कलम 41 ने मना आहे. 2015 च्या दुरुस्तीने त्याचा दंड 500 रुपयांवरून 10 लाखांपर्यंत नेला. हे काम करणाऱ्या अनेकांना हे कलम माहीतच नसतं. शिवाय स्वतःच्या सिमवरून विक्रीचे फोन लावले आणि तक्रारी गेल्या, तर नंबर बंद होऊ शकतो.

कमाई हवीच असेल तर सरळ वाट आहे: पीओएसपी, म्हणजे पॉइंट ऑफ सेल्स पर्सन. वय किमान 18, शिक्षण किमान दहावी पास. विमा कंपनी किंवा ब्रोकरमार्फत 15 तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा होते. ठरावीक साध्या योजनाच विकता येतात, पण विद्यार्थिनीला तेवढं पुरेसं आहे. तिने विकलेल्या पॉलिसीवर तिच्या पॅनची किंवा आधारची नोंद असते, म्हणजे काम तिच्याच नावावर लागतं. त्या फर्मला एवढंच विचारा: तुमचा आयआरडीएआय नोंदणी क्रमांक काय, आणि तुम्ही हिला पीओएसपी कराल का? मिळालेला क्रमांक आयआरडीएआयच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. “आईच्या नावावर एजन्सी काढू, काम ही करेल,” असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. चुकीच्या विक्रीची तक्रार झाली की जबाब आईला द्यावा लागेल.

करिअरबद्दल. कमिशन कोणाला, किती आणि कोणत्या कागदावर दिलं, हे तपासणं हे विमा कंपन्यांत आणि ब्रोकरकडे पूर्णवेळ काम आहे. त्याला कम्प्लायन्स म्हणतात. वाणिज्य शाखेच्या मुलीला ते जमण्यासारखं आहे, कारण बिल, करार आणि खतावणी एकमेकांशी ताडून पाहायची सवय तिला लागलेली असते. मुंबईतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाच्या लायसेन्शिएट, असोसिएटशिप आणि फेलोशिप या एकापुढच्या एक पातळीच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. कायद्यात गोडी असेल तर कंपनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम या कामाला जास्त वजन देतो, मात्र त्याला वेळ आणि चिकाटी दोन्ही लागतात. शेवटच्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत लायसेन्शिएटच्या पुढचं काही हाती घेऊ नये. विक्रीत रमते की कागदपत्रांत, हे पीओएसपी म्हणून काही महिने काम केल्यावर तिचं तिलाच कळेल. कंपनी सेक्रेटरीचा निर्णय त्यानंतर घ्या.