3 वर्षांच्या घोडीला काँग्रेससारख्या मोठ्या स्पर्धेत वेस्टर्न प्लेजरसाठी उतरवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत ओहायोतल्या डेटनला राहता, 16 वर्षांच्या मुलीसाठी घेतलेली क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीची घोडी यंदा 3 वर्षांची आहे, आणि ट्रेनर म्हणतायत की ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्याच कोलंबसला भरणाऱ्या ऑल अमेरिकन क्वार्टर हॉर्स काँग्रेस या स्पर्धेत तिला वेस्टर्न प्लेजरमध्ये, म्हणजे घोड्यांच्या शांत, तालबद्ध चालीच्या प्रकारात, उतरवूया. तुम्हाला ही घाई वाटतेय. शिवाय हळूहळू गोल फिरणाऱ्या घोड्यांमध्ये परीक्षक नेमकं बघतात काय, तेही उमगत नाहीये.

मी म्हणेन, न्या. फक्त आदल्या रात्रीसुद्धा नाव मागे घ्यायची तयारी ठेवून न्या. मी गेली 11 वर्षं शनिवार-रविवार कोलंबसजवळच्या एका पागेत काम करते, दोन तरुण घोड्या स्वतः रिंगणात उतरवल्या आहेत, त्यामुळे जे लिहितेय ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. हळू जाणं हे या प्रकाराचं ध्येय नाही. परीक्षक ताल बघतात. वॉकमध्ये (साधी चाल) टापांचे 4 ठोके, जॉगमध्ये (सावकाश दुडकी) 2, लोपमध्ये (सावकाश दौड) 3. जॉगला पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतात, मग उरलेली जोडी. लोपला आधी मागचा एक पाय, मग तिरकी जोडी, मग पुढचा एक पाय, आणि त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. घोड्याचा मागचा पाय पोटाखाली खोल आला, पाठ उचलली गेली, की त्याला सावकाश जाणं जमतं. ती ताकद आलेली नसताना नुसतं ओढून हळू केलं तर तिरकी जोडी फुटते आणि 3 ऐवजी 4 ठोके ऐकू येतात. परीक्षकाला ते लगेच कळतं, आणि तो दोष धरला जातो.

तुम्ही सारंगखेड्याच्या यात्रेचा उल्लेख केलाय, म्हणून सांगते. तिथे रेवाल चालीच्या घोड्यावर स्वार जराही उसळत नाही आणि बघणारे वाहवा करतात. इथेही स्वार तसाच शांत बसलेला दिसला पाहिजे. पण रेवालमध्ये एकाच बाजूचे पाय जवळजवळ बरोबर पडतात, इथल्या जॉगमध्ये ते चालत नाही. म्हणजे कौतुक त्याच गुळगुळीतपणाचं, पण वाट वेगळी.

त्यात लगाम सैल हवा. एकेकाळी, 1970-80च्या दशकांत, नाक जमिनीला लागेल इतकी मान खाली घालून, रखडत चालणारे घोडे पुढे यायचे. त्यावर खूप टीका झाली, नियम कडक झाले. आता कान खांद्यावरच्या उंचवट्याच्या खाली सतत राहिले तर घोडा मागे पडतो. कुणी तुमच्या घोडीची मान तासन्‌तास खाली बांधून ठेवताना दिसलं तर त्या पागेतून घोडी काढून आणा. हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आता वय. क्वार्टर हॉर्सच्या नोंदीत सगळे घोडे 1 जानेवारीला एक वर्षाने मोठे होतात. त्यामुळे ऑक्टोबरच्या वर्गात, म्हणजे स्पर्धेतल्या 3 वर्षांच्या घोड्यांच्या गटात, जानेवारीत जन्मलेली घोडी पावणेचार वर्षांची असते आणि मेमधली जेमतेम 3 वर्षं 5 महिन्यांची. दोघी एकाच ओळीत! तुमची कोणत्या महिन्यातली आहे, ते कागदावर बघा. पुढच्या गुडघ्यावरची हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांपर्यंत मिटते, पण पाठीच्या मणक्यांची 5 वर्षांच्या पुढेही चालू असते, आणि स्वाराचं वजन पाठीवरच येतं. डॉक्टरकडून पायांचे एक्स-रे काढून घ्या. आठवड्यात चार-पाच दिवस, अर्धा-पाऊण तास काम पुरे, आणि रोज थोडा वेळ मोकळ्या कुरणात सोडा. जून-जुलैमध्ये एखादी छान लय लागली की रोज तीच पुन्हा पुन्हा मागायचा मोह होतो, तिथे घोड्या आंबतात, म्हणजे कामाला कंटाळतात. कान मागे, शेपटीचे फटकारे, खोगीर दिसलं की तोंड फिरवणं, ही त्याचीच लक्षणं.

शरीराइतकंच मन. 6 वर्षांपूर्वी मी एका 3 वर्षांच्या कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडीला काँग्रेसला घेऊन गेले होते. दिवसभर स्पर्धा चालू असतात, म्हणून मोठ्या रिंगणाचा सराव रात्री उशिरा किंवा पहाटे करावा लागतो. पहाटे 4 वाजता आम्ही टाफ्ट कोलिझियममध्ये, म्हणजे त्या मोठ्या रिंगणात, होतो. कोपऱ्याजवळ एक माणूस कचऱ्याचा डबा रिकामा करत होता. त्याने प्लास्टिकची मोठी पिशवी झटकली आणि घोडी जागच्या जागी थिजली. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, आणि माझ्या पोटरीखाली तिचं काळीज धडधडताना मला कळत होतं. मी लगाम आवळला. ती आणखी ताठ झाली. तीन फेऱ्या झाल्या, त्या कोपऱ्याकडे ती जाईचना. आमचे ट्रेनर कठड्यावरून एवढंच म्हणाले, हात खाली ठेव आणि तिला उभी राहू दे. आठ-दहा मिनिटं आम्ही नुसत्या उभ्या. मग तिने फुर्रर करून लांब श्वास सोडला, एक कान माझ्याकडे वळवला, आणि आपणहून पाऊल टाकलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना तो कोपरा आला. घोडी विसरली होती, मी विसरले नव्हते. माझी दोन बोटं लगामावर मिटली, तेवढंच. तिने मान उचलली, लोपचा जॉग झाला, तोही परीक्षकासमोर. आमचा नंबर आला नाही. तरुण घोडा स्वाराची बोटं वाचतो, हे तेव्हा मला कळलं. म्हणून तुमच्या मुलीचा सराव घोडीच्या सरावाइतकाच महत्त्वाचा आहे. 5 वर्षांपर्यंतच्या घोड्याला मधे सांधा असलेली साधी स्नॅफल कडी तोंडात लावून दोन्ही हातांनी चालवता येतं, ती सवलत जरूर घ्या. गर्दीत मागे अडकू लागली तर ओढू नको, कोपऱ्यात खोल जाऊन जागा कर किंवा आतल्या बाजूने सावकाश पुढे जा, हे मुलीला आत्ताच शिकवून ठेवा.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगते. डेटन-कोलंबस अंतर फार नाही, तेव्हा त्याआधी दोन-तीन छोट्या स्पर्धांना घोडी नुसती नेऊन आणा. वर्गात उतरवायलाच पाहिजे असं नाही. परक्या पाण्याला वास वेगळा येतो आणि घोडी पाणी पीत नाही, मग पोटशूळ उठतो. म्हणून घरीच आठवडाभर आधी पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायची सवय लावा, तिथेही तोच घाला. काम सुरू करण्याआधी थोडं गवत खाऊ द्या. शेपटीला गंगावन लावणार असाल तर ते पहिल्यांदा तिथे लावू नका, पायांना लागलं की बिचकते. घरी लावून चार दिवस फिरवा. हिवाळ्याची लव येऊ नये म्हणून तबेल्यात दिवसाला 16 तास उजेड ठेवतात, तो उन्हाळा सरायच्या आतच सुरू करावा लागतो. आणि शांत करणारं म्हणून कुणी काहीही दिलं तरी डॉक्टरला आणि नियमांना विचारल्याशिवाय देऊ नका, तपासणी होते.

नेऊ की नको हे ठरवायला मी एक साधी गोष्ट करते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, घरच्या नव्हे तर परक्या रिंगणात, तिच्या लोपचा व्हिडिओ काढा. मग फोन टेबलावर पालथा ठेवा आणि नुसत्या टापा ऐका. दोन्ही दिशांना, तीन-तीन फेऱ्या, एक-दोन-तीन असं स्वच्छ ऐकू आलं तर ट्रेनरना हो म्हणा. मधेच चौथा ठोका डोकावला, किंवा लय राखायला मुलीला पुन्हा पुन्हा टाच मारावी लागली, तर घोडी अजून तयार नाही. भरलेली फी परत मिळेलच असं नाही, हे मुलीशी आणि घरात आजच बोलून ठेवा, म्हणजे त्या दिवशी पैशांकडे बघून निर्णय होणार नाही.