विस्तार, फेरबदल की खांदेपालट? मंत्रिमंडळाच्या बातम्यांतले शब्द

प्रश्न असा आलाय की दिल्लीत मंत्री बदलले की एक पेपर 'मंत्रिमंडळ विस्तार' म्हणतो, दुसरा 'फेरबदल', तिसरा 'खांदेपालट', तर हे सगळं एकच का? शिवाय मंत्रिमंडळ आणि मंत्रिपरिषद यात फरक काय, दिल्लीत बसलेला माणूस 'राज्य'मंत्री कसा, आणि मंत्रिमंडळातला 'त्रि' ऱ्हस्व का दीर्घ.

एकच नाही. पण बऱ्याचदा सगळं एकाच दिवशी उरकतात म्हणून एकच वाटतं. माझी साधी पद्धत अशी की बातमीचा मथळा सोडायचा आणि राष्ट्रपती भवनातून निघालेलं पत्रक बघायचं. त्यात रंगीत शब्द नसतात, पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी अमक्याचा राजीनामा स्वीकारला, तमक्याची मंत्री म्हणून नेमणूक केली, फलाण्याला हे खातं दिलं, एवढंच. नवी माणसं आली तर विस्तार, होती त्यांचीच खाती इकडची तिकडे झाली तर फेरबदल, कुणी गेलं तर त्याला सरकारी भाषेत राजीनामा आणि मराठी पेपरच्या भाषेत डच्चू.

९ नोव्हेंबर २०१४ चा दिवस घ्या, आपल्या ओळखीचे लोक त्यात भरपूर आहेत. मोदींच्या पहिल्या सरकारचा तो पहिला विस्तार, २१ जणांनी शपथ घेतली. मनोहर पर्रीकर गोव्याचं मुख्यमंत्रिपद सोडून आले आणि संरक्षणमंत्री झाले, सुरेश प्रभूंनी त्याच दिवशी भाजपमध्ये प्रवेश केला आणि रेल्वेमंत्री झाले, शिवसेनेचे अनिल देसाई मात्र शपथेसाठी गेले आणि दिल्ली विमानतळावरूनच परत फिरले. इथपर्यंत विस्तार. पण प्रभूंना रेल्वे द्यायची तर ती आधी कुणाकडून तरी काढायला हवी, ती होती सदानंद गौडांकडे, मग गौडा गेले कायदा खात्यात, कायदा होता रविशंकर प्रसादांकडे त्यांनी तो सोडला, संरक्षण जेटली अर्थखात्यासोबत सांभाळत होते ते पर्रीकरांकडे गेलं, आरोग्याचे हर्षवर्धन विज्ञान-तंत्रज्ञानाला गेले. हा झाला फेरबदल. गोपीनाथ मुंडे शपथ घेतल्यावर आठच दिवसांत, ३ जून २०१४ ला गेले, तेव्हापासून त्यांचं ग्रामविकास खातं गडकरींकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून होतं, तेही याच दिवशी बिरेंद्रसिंहांकडे गेलं. डच्चू मात्र त्या दिवशी कुणालाच नव्हता. म्हणून 'विस्तार आणि फेरबदल' असं लिहिणारा पेपर बरोबर, नुसतं 'फेरबदल' लिहिणारा निम्मा बरोबर.

याच्या उलट १८ मे २०२३. किरेन रिजिजूंकडचं कायदा खातं अर्जुनराम मेघवालांकडे गेलं, रिजिजूंना भूविज्ञान मिळालं. दोघंही आधीपासून मंत्री होते, नवा माणूस कुणी नाही, शपथविधीचा थाट नाही, पत्रक निघालं आणि झालं. याला विस्तार म्हणणं म्हणजे काहीच्या काही.

खात्यांचं असं होऊ शकतं कारण शपथेत खातं नसतंच. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत जो नमुना आहे त्यात फक्त 'संघराज्याचा मंत्री' एवढंच आहे, रेल्वेचा का शेतीचा याचा उल्लेख नाही. खातेवाटप ही वेगळी, नंतरची पायरी. २०२४ मध्ये ९ जूनला ७२ जणांनी शपथ घेतली (पंतप्रधान धरून) आणि खाती जाहीर झाली दुसऱ्या दिवशी, मधली रात्र सगळ्या चॅनलवाल्यांनी अंदाज लावत काढली. 'बिनखात्याचा मंत्री' हा शब्दही म्हणूनच शक्य होतो, मंत्री आहे पण खातं नाही. तो काही कायम टाकाऊ माणूस नसतो बरं का, १९६३ च्या कामराज योजनेत (ज्येष्ठ मंत्र्यांनी पद सोडून पक्षाच्या कामाला लागायचं) राजीनामा दिलेले लालबहादूर शास्त्री १९६४ च्या जानेवारीत परत आले ते बिनखात्याचे मंत्री म्हणूनच, आणि जूनमध्ये पंतप्रधान झाले.

आता खांदेपालट. हा अस्सल मराठी शब्द, पालखी-डोली वाहणाऱ्यांकडून आलेला. दांडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा किंवा दमलेल्या भोयाच्या जागी दुसऱ्याने खांदा द्यायचा. ओझं तेच, खांदा बदलला. त्यामुळे माझ्या मते हा शब्द खरा शोभतो तो खातं एका हातातून दुसऱ्या हातात जातं तिथेच. नुसती दहा नवी माणसं आत घेतली आणि जुन्यांपैकी कुणाला हात लावला नाही तर पालट कसला? यशवंतराव चव्हाणांचं बघा. १९६२ ला चीन युद्धाच्या वेळी कृष्ण मेनन गेले आणि चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले ('हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' ते हेच), मग १९६६ ला गृह, १९७० ला अर्थ, १९७४ ला परराष्ट्र. माणूस एकच आणि चार मोठी खाती. यातला १९७० चा बदल तर खांदेपालटाचा नमुनाच, इंदिरा गांधींनी गृहखातं स्वतःकडे घेतलं आणि स्वतःकडचं अर्थखातं चव्हाणांना दिलं. हातात काय राहिलं आणि काय गेलं हे ज्याला कळायचं त्याला कळलं.

पुनर्रचना हा शब्द मी मंत्र्यांसाठी वापरत नाही, खात्यांसाठी ठेवतो. २०१९ ला जलसंपदा आणि पेयजल एकत्र करून जलशक्ती केलं, जुलै २०२१ मध्ये सहकार हे वेगळं मंत्रालय काढलं, ही पुनर्रचना. पेपरवाले मंत्र्यांनाही लावतात, चूक म्हणवत नाही, पण मग खात्यांच्या जोडतोडीला वेगळा शब्द उरत नाही. आणि हो, आपल्याकडे 'मंत्रालय' म्हटलं की मुंबईतली ती इमारतच डोळ्यासमोर येते, म्हणून बहुतेक मराठी माणसं दिल्लीच्या बाबतीतही 'खातं'च म्हणतात. ते छानच आहे.

सगळ्यात मजा मात्र या चार शब्दांत नाही, त्यांच्या आजूबाजूच्या शब्दांत आहे. विस्ताराची नुसती कुजबुज सुरू झाली की लोक 'गुडघ्याला बाशिंग' बांधून बसतात, मग कुणाची 'वर्णी लागते', कुणाला 'नारळ' मिळतो, कुणाची 'बोळवण' होते, कुणाला 'वजनदार' खातं तर कुणाला 'बिनमहत्त्वाचं'. ७ जुलै २०२१ ला ४३ जणांनी शपथ घेतली, त्यात ३६ नवे आणि ७ बढतीवाले, आणि त्याआधी १२ जणांचे राजीनामे झाले. मराठी मथळ्यांच्या भाषेत राणेंची वर्णी लागली, जावडेकरांना नारळ मिळाला. बढतीवाल्यांनाही पुन्हा शपथ घ्यावी लागली हे लक्षात घ्या, खातं बदललं तर शपथ नाही, वर चढून कॅबिनेट दर्जा मिळाला तर आहे. 'बोळवण' या शब्दाचं वजन कळायचं तर २०२४ चं प्रफुल्ल पटेलांचं उदाहरण चांगलं, त्यांना स्वतंत्र प्रभाराचं राज्यमंत्रिपद देऊ केलं होतं, ते आधी मनमोहन सिंगांच्या सरकारात कॅबिनेट मंत्री राहिलेले, त्यांनी सरळ नको म्हटलं.

इथे 'राज्यमंत्री' येतो. यातलं 'राज्य' म्हणजे महाराष्ट्र-गोवा वालं राज्य नाही. इंग्रजी 'मिनिस्टर ऑफ स्टेट' मधल्या 'स्टेट'चं ते भाषांतर, आणि तिथे स्टेट म्हणजे शासनसंस्था. भाषांतर करणाऱ्याने शब्दाला शब्द ठेवला आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेतली पोरं घोटाळ्यात पडली. राज्यमंत्री म्हणजे कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखालचा मंत्री, जसे सहकार खात्यात अमित शहा आणि त्यांच्या हाताखाली मुरलीधर मोहोळ. स्वतंत्र प्रभार असेल तर वर कॅबिनेट मंत्री नाही, खातं त्याचंच. बुलढाण्याचे प्रतापराव जाधव एकाच वेळी दोन्ही आहेत, आयुष खात्यात स्वतंत्र प्रभार आणि आरोग्य खात्यात नड्डांच्या हाताखाली साधे राज्यमंत्री. मुंबईतल्या सरकारातही राज्यमंत्री असतात, ते 'राज्याचे राज्यमंत्री', आता काय बोलणार.

मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ हा फरक यावरूनच सुटतो. कॅबिनेट, स्वतंत्र प्रभारवाले, राज्यमंत्री अशी सगळी मिळून मंत्रिपरिषद, आणि त्यातले फक्त कॅबिनेट दर्जाचे म्हणजे काटेकोर अर्थाने मंत्रिमंडळ. घटनेच्या कलम ७४ मध्ये आहे ती मंत्रिपरिषद. कॅबिनेट हा शब्द मूळ घटनेत नव्हताच, तो १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२ मध्ये आला, आणि का आला ते सांगण्यासारखं आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली ती पंतप्रधानांच्या पत्रावरून, मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून सांगितलं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून घातलं की कॅबिनेटचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, आणि मग कॅबिनेट म्हणजे कोण हेही तिथेच लिहावं लागलं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने घातलेली १५ टक्क्यांची मर्यादा मात्र अख्ख्या परिषदेला आहे, लोकसभेच्या ५४३ जागांवर पंतप्रधान धरून ८१ च्या पुढे जाता येत नाही. म्हणजे 'मंत्रिमंडळ विस्तार' हा पेपरातला शब्द काटेकोर बघितला तर बहुतेकदा मंत्रिपरिषदेचा विस्तार असतो. पण 'केंद्रीय मंत्रिपरिषदेचा विस्तार' असं कोण बोलणार, रोजच्या मराठीत दोन्हींना मंत्रिमंडळच म्हणतात आणि परीक्षेचा पेपर लिहीत नसाल तर तुम्हीही बिनधास्त म्हणा.

राहिलं शुद्धलेखन. एकटा 'मंत्री' दीर्घ, पण समासात मूळ संस्कृत 'मन्त्रिन्' मुळे ऱ्हस्व होतो, मंत्रिमंडळ, मंत्रिपद, मुख्यमंत्रिपद, जसं पक्षिमित्र, विद्यार्थिगृह. विभक्ती लागली की 'मंत्र्याला' असं रूपच बदलतं, ते सोडा, पण 'मंत्रीच' किंवा 'मंत्रीही' लिहिताना ऱ्हस्व करू नका, तो समास नाही. आणि खांदेपालट 'झाला' का 'झाली' हे कुणीतरी विचारणारच म्हणून सांगून ठेवतो, पेपरात दोन्ही दिसतात, मी 'झाला' म्हणतो कारण नुसता पालटही माझ्या तोंडी पुल्लिंगीच आहे.