पहिलं रॉकेट: 'सी' मोटरची घाई नको

तुम्ही विचारलंय की मॉडेल रॉकेटचं किट मुलीसोबत बांधायला घेतलंय, तर पहिल्याच उड्डाणाला सी६-५ मोटर (रॉकेटला वर ढकलणारी, घन इंधनाने भरलेली नळी) लावावी का. माझं मत, लावू नका. किट हलकं असेल आणि डब्यावर ए८-३ चालते असं लिहिलं असेल, तर तीच घ्या. अक्षर म्हणजे मोटरचा एकूण जोर. 'ए'ची कमाल २.५ न्यूटन-सेकंद, 'बी'ची ५, 'सी'ची १०. म्हणजे दर अक्षराला दुप्पट. पुढचा ८ हा सरासरी धक्का न्यूटनमध्ये, आणि ३ म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकणारा बार किती सेकंदांनी उडेल ते. शेवटी शून्य असलेली मोटर दुकानदाराने दिली तरी घेऊ नका, ती बहुटप्पी रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते. लहान मैदानावर 'सी' लावलं की रॉकेट वर जातं झकास, पण वाऱ्याबरोबर कुठे उतरेल त्याचा भरवसा नाही.

आता बांधणी. मोटर माउंट, म्हणजे मोटर धरून ठेवणारा भाग, बसवताना रॉकेटच्या नळीच्या आत गोंदाचा कडा फिरवला की माउंट एका दमात, न थांबता, खुणेपर्यंत ढकला. लाकडाचा गोंद कागदी नळीत क्षणात धरतो. अर्ध्यावर "जरा सरळ करू" म्हणून थांबलात तर ते तिथेच कायमचं बसतं. तेव्हा आधी कोरडी तालीम करून घ्या.

फिन, म्हणजे रॉकेटच्या शेपटाकडचे पंख, बाल्साच्या हलक्या लाकडाचे असतील तर लाकडाचे रेषे पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर उतरताना पहिल्याच आपटीत फिन मोडतो. चिकटवायच्या जागी नळीवर आणि फिनवर पातळ गोंद लावा, थोडा सुकू द्या, मग पुन्हा पातळ हात देऊन दाबून धरा. सुकल्यावर सांध्यात गोंदाची बारीक रेघ ओढून बोटाने सारखी करा आणि रॉकेट आडवं ठेवा, उभं ठेवलं तर गोंद ओघळतो. ग्लू गन नको, तो गोंद उष्णतेने मऊ पडतो. रंगकाम तुमच्या हौसेवर.

पॅराशूट मात्र उड्डाणाच्या दिवशीच घडी करा. आठवडाभर नळीत कोंबलेलं प्लास्टिक त्याच घडीत राहतं आणि उघडतच नाही. थोडी टाल्कम पावडर भुरभुरा. त्याखाली न जळणारं वॅडिंग, म्हणजे बाराच्या उष्णतेपासून पॅराशूट वाचवणारा खास कागद, सैलसर चुरगळून भरा. साधा टिश्यू चालणार नाही, तो धुमसत खाली येतो आणि सुकलं गवत पेटवतो. टोकाची टोपी धरून रॉकेट उचललं तर निसटू नये, पण हलक्या झटक्याने निघावी, इतपत घट्ट ठेवा. फार घट्ट झाली तर पॅराशूट आतच राहतं आणि रॉकेट नाकावर येतं.

उडवताना इग्नायटरचं, म्हणजे मोटर पेटवणाऱ्या तारेचं, टोक मोटरच्या आतल्या इंधनाला टेकलेलं आहे ना, हे पाहा. बटण दाबूनही काही झालं नाही तर बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. अशा वेळी आधी बटणाच्या पेटीतली सुरक्षा किल्ली काढा आणि पूर्ण एक मिनिट थांबूनच जवळ जा. मुलगी उत्साहात धावेल, तिला हे आधीच बजावून ठेवा. एरवीही सगळ्यांनी निदान ५ मीटर लांब राहायचं. किल्ली तुमच्या खिशात, उलटी गणती तिची.

आणि रॉकेट विजेच्या तारेवर अडकलं तर तिथेच सोडून द्या. काठीने काढायला जाऊ नका.