लेव्हलचे दळण दळावे की नाही?

प्रश्न : एका रोल-प्लेइंग गेममधल्या बॉसने, म्हणजे वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूने, मला सलग पाच वेळा हरवले. शेवटी मी तीन संध्याकाळी एकाच गुहेत तेच ते राक्षस मारत फिरलो आणि पार्टीची, म्हणजे माझ्या पात्रांच्या टोळीची, लेव्हल ३४ वरून ४१ वर नेली. त्यानंतर तो बॉस चौथ्या टर्नलाच (पाळीलाच) आडवा झाला, पण जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. माझा मित्र म्हणतो की ग्राइंडिंग करून, म्हणजे तेच ते राक्षस मारून लेव्हल वाढवत, जिंकणे ही पळवाट आहे. मला वाटते की ज्या खेळात ते करावे लागते, तो खेळच सदोष असतो. आमच्यापैकी बरोबर कोण?

उत्तर : मित्र खेळाडूला दोष देत आहे आणि आपण खेळाला. ग्राइंडिंगला मराठीत दळण म्हटले तर अर्थ जुळतोच, शिवाय ‘तेच ते दळण’ ही तक्रारही त्यात आपोआप येते. मात्र या दळणाचा जन्म कसा झाला ते पाहिल्याशिवाय आपला वाद मिटणार नाही.

लेव्हल आणि ती चढवणारे अनुभवगुण यांची पद्धत रूढ केली ती १९७४ साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाने. त्यात सुरुवातीला बरेचसे अनुभवगुण राक्षस मारून नव्हे, तर सुखरूप बाहेर आणलेल्या खजिन्यामुळे मिळत. शिवाय खेळ चालवणारा एक माणूस समोर बसलेला असे. कोणी एकाच गुहेत शंभर फेऱ्या मारू लागला असता, तर त्या माणसाने कंटाळून गुहाच बंद केली असती. संगणकाला कंटाळा येत नाही, आणि दळणाचे मूळ मला तरी तिथेच दिसते.

पुढे १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम आला. त्यात नायक एकटा आणि शत्रूही एका वेळी एकच. वार करायचा, मंत्र म्हणायचा, औषधी वापरायची किंवा पळ काढायचा, याखेरीज लढाईत करण्यासारखे फारसे काही नाही. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला ७ अनुभवगुण लागतात आणि स्लाइम हा सर्वांत दुबळा राक्षस मारल्यावर १ मिळतो, म्हणजे वेशीबाहेर सात स्लाइम मारले की काम झाले. शेवटच्या, तिसाव्या लेव्हलसाठी मात्र एकूण ६५,५३५ गुण जमवावे लागतात. नायक मेला तर निम्मे सोने जाते, पण कमावलेला अनुभव जात नाही. हरलेला खेळाडूही थोडा पुढेच सरकलेला असतो, आणि ज्याची बोटे चपळ नाहीत तोही चिकाटीच्या जोरावर खेळ पुरा करू शकतो. अशा खेळात ग्राइंडिंगला पळवाट म्हणणे चूक आहे, कारण तिथे दुसरी वाटच जवळजवळ नाही. इथे आपला मित्र हरला.

आपल्या खेळात मात्र पार्टी आहे, म्हणजे करण्यासारखे बरेच काही असणार. त्या पाच पराभवांमध्ये आपण काय काय बदलून पाहिले, ते पत्रात लिहिलेले नाही. समजा, बॉस दर तिसऱ्या टर्नला सगळ्या पार्टीवर आग ओकतो. आगीपासून वाचवणाऱ्या अंगठ्या घातल्या आणि नेमक्या त्या टर्नला सर्वांना बचावाचा हुकूम दिला, तर चौतिसाव्या लेव्हललाही पार्टी तग धरू शकते. एक्केचाळिसाव्या लेव्हलला तीच आग अंगावर येते, फक्त हेल्थ भरपूर असल्याने ती जाणवत नाही. कोडे सुटले नाही, ते दिसेनासे झाले. आनंद न होण्याचे कारण हेच असावे. माझी कसोटी साधी आहे : डोके चालवून कमी लेव्हलला तो बॉस पडत असेल, तर दळण ही आपली निवड आहे आणि तिचा दोष खेळाला देता येत नाही; काहीही केले तरी पडत नसेल, तर खेळकर्त्याने वाटेत भिंत घातली आहे आणि आपली तक्रार रास्त आहे. तो चौथ्या टर्नलाच पडला, यावरून आपण गरजेपेक्षा दोन-तीन लेव्हल जास्तच दळल्या, एवढे नक्की.

प्रश्न : मला ग्राइंडिंग मनापासून आवडते. गाणी लावून तासभर राक्षस मारत बसले की डोके शांत होते. घरचे हसतात. यात काही गैर आहे का?

उत्तर : मुळीच नाही. विणकाम करणाऱ्या माणसाला एकेक टाका रोमांचक का नाही, असे कोणी विचारत नाही. फक्त एक चाचणी करून पाहा. ‘ब्रेव्हली डिफॉल्ट’मध्ये (२०१२) वाटेत शत्रू किती वेळा भेटावेत हे शून्यापासून दुपटीपर्यंत ठरवता येते आणि ‘फायनल फँटसी १२’च्या २०१७ सालच्या नव्या आवृत्तीत खेळाचा वेग चौपट करता येतो. अशी सोय हाताशी असताना आपण वेग कायम चौपट ठेवत असाल, तर आपल्याला दळण नव्हे, पीठ आवडते. त्यातही गैर काही नाही.

प्रश्न : खेळाडूबरोबर शत्रूंचीही लेव्हल वाढवली, तर हा वादच संपेल. असे का करत नाहीत?

उत्तर : करून पाहिले आहे, पण वाद संपला नाही. ‘फायनल फँटसी ८’मध्ये (१९९९) शत्रू पार्टीच्या लेव्हलनुसार बलवान होतात. परिणामी जाणकार खेळाडूंनी उलटाच मार्ग धरला : लेव्हल मुद्दाम कमी ठेवायची, शत्रूंना मारण्याऐवजी त्यांचे खेळायच्या पत्त्यांत रूपांतर करायचे, म्हणजे अनुभवगुण मिळत नाहीत, आणि त्या पत्त्यांतून ताकद वाढवणारे मंत्र मिळवायचे. दळण तसेच राहिले, फक्त जाते बदलले.

२००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये अडचण अधिक बोचरी होती. गोड बोलणे आणि घासाघीस करणे ही आपली मुख्य कौशल्ये म्हणून निवडली, तर ती वाढवूनही लेव्हल चढते. मग बाहेरचे शत्रू तगडे होतात आणि आपला हात मात्र तलवारीवर कच्चाच राहतो. दुसरीकडे, रस्त्यावर वाटसरूंना लुटणारे फुटकळ दरोडेखोर अत्यंत महागडी काचेची चिलखते घालून फिरू लागतात. लेव्हल वाढवण्याचा उद्देशच पूर्वी भारी पडलेल्या शत्रूला आता सहज लोळवणे हा असतो, आणि ही पद्धत नेमका तोच हिरावून घेते. मला ‘अर्थबाउंड’ने (१९९४) काढलेला तोडगा अधिक सुबक वाटतो. त्यात आपण पुरेसे बलवान झालो की दुबळे शत्रू आपल्याला पाहून पळ काढतात, आणि धरलेच तर लढाई न होताच विजय आणि अनुभवगुण पदरात पडतात. आपण किती वाढलो, हे आकडा न बघताही कळते.

प्रश्न : मग अनुभवगुण पैसे देऊन वाढवले तर बिघडले कुठे?

उत्तर : ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’मध्ये (२०१८) अनुभवगुण कायमचे ५० टक्क्यांनी वाढवणारी सोय वेगळे पैसे घेऊन विकली गेली आणि त्यावर बरीच टीका झाली. विकत घेणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याचा वेळ त्याला महाग असेल. माझा आक्षेप विकणाऱ्यावर आहे. जो दळण कमी करण्याचे पैसे घेतो, त्याला ते मुळात किती ठेवायचे हे ठरवण्याचाही अधिकार असतो. म्हणून अशा खेळात एखादा बॉस पडेनासा झाला, तर पहिल्या उत्तरातली माझी कसोटी अपुरी पडते : ती भिंत खेळासाठी घातली आहे की दुकानासाठी, हे खेळाडूला आतून कळत नाही.